झाकणातले दिवे

११ ऑगस्ट

आज परत उघडे!

क्लास संपवून आले, स्कूटी लावायला शेडमध्ये गेले, तर हिमांशूच्या गाडीचे दोन्ही दिवे वर आलेले. पेटलेले नाहीत, नुसते वर. बॉनेटमधून डोकी काढून दाराकडं बघत बसलेले. काल बंद होते, मी स्वतः पाहिलंय.

मी आठवी-नववीच्या पोरांना विज्ञान शिकवते. वायरिंगचं काहीतरी असणार, एवढं मला कळतं. तरी स्कूटी बाहेरच लावली.

१२ ऑगस्ट

जुनेदला फोन केला. हिमांशूचा गॅरेजवाला दोस्त, गाडीचं निम्मं वेल्डिंग त्याचंच. म्हटलं, वायर कुठंतरी चिकटलीय, बघून जा. तो म्हणाला, "भाभी, बॅटरी तो मैंने मार्चमेंच निकाल ली थी. करंट आएगा कहाँ से?"

दिवे आज बंद आहेत. मी हात लावलेला नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. लिहूनच टाकते, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

मार्चमध्ये हिमांशू गेला. शेंद्र्याला, कंपनीत, कामावर उभ्या उभ्या. दहाव्याला कायगावला नदीवर होतो. पिंड मांडला आणि कावळे झाडावर बसून राहिले. एक खाली येईना. गुरुजी म्हणाले, कुणाला काही कबूल करायचं असेल तर करा. नणंद म्हणाली, बाबांना सांभाळू. नाही. चुलत दीर काहीतरी पुटपुटले. तरी नाही. ऊन चढत चाललं आणि एकेक जण माझ्याकडं बघायला लागला. मी हात जोडले, म्हटलं, "तुझी गाडी रस्त्यावर आणीन. नंबर लावून."

आणि कावळा उतरला.

लग्न होऊन आले तेव्हापासून ती गाडी बघतेय. सांगाडा घरी, बॉडी घरी, उघडझाप करणारे दिवेसुद्धा घरीच केलेले. रस्ता तिनं कधी पाहिलाच नाही. आता मी शब्द देऊन बसलेय. तो पुरा होईपर्यंत हा सुटत नाही, असं तर दिवे सांगत नसतील?

छे. काय लिहितेय मी.

१९ ऑगस्ट

उघडे.

२० ऑगस्ट

नळाला पाणी आलं एकदाचं. टाकी भरेपर्यंत शेडकडं पाठ करून उभी होते.

२६ ऑगस्ट

आरटीओत जाऊन आले.

जेवताना बाबांचा — माझे सासरे, व्यंकटराव — हिमांशूशी कायम हाच वाद. बाबांनी जन्मभर कोर्टात कारकुनी केली, नियम म्हणजे जीव की प्राण. "अरे, असले झाकणातले दिवे कायद्यात बसतात का?" "बसतात हो." "कुठं लिहिलंय?" "आरटीओत विचारतो." गेला कधीच नाही. नाही म्हणतील म्हणून भीत असणार. म्हणून मी आधी दिव्यांचंच विचारलं.

साहेब भले होते. मोबाइलवरचे फोटो मोठे करकरून बघितले. म्हणाले, "झाकणातले दिवे चालतात, मॅडम. पण यंत्रणा बंद पडली तरी हातानं उघडता आले पाहिजेत, पान्याबिन्याशिवाय." म्हटलं, आहे की! डॅशबोर्डखाली पितळी मूठ आहे, त्यानंच लेथवर काढलेली. साहेब हसले. "हुशार आहेत मिस्टर. गाडी कुठल्या कंपनीची?"

"घरी बनवलीय."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं सरकवला. "मग दिव्यांचा प्रश्नच येत नाही."

कंपन्या गाडीचा नमुना चाचणी केंद्रातून पास करून आणतात, तेव्हा कुठं नंबर मिळतो. एका गाडीसाठी घरच्या माणसाला ते झेपत नाही. "कुणी केलेलं माझ्या तरी बघण्यात नाही," म्हणाले. वाईट वाटलं त्यांनाही.

दिवे पास, गाडी नापास. जिन्यात बसून रडले.

३० ऑगस्ट

यंदा घरात गणपती नाही. शेजारची आरती ऐकू येतेय.

जुनेद येऊन गेला. म्हणतो, "किसी पुरानी गाडी के कागज लगा देते भाभी. नंबर मिल जाएगा." माझ्या भल्यासाठीच म्हणतो तो. पण दुसऱ्याचा नंबर लावून शब्द पुरा होतो का? एक नट वाकडा बसला तर हिमांशूला जेवण जात नसे. नको म्हटलं.

४ सप्टेंबर

उघडे. मी आता धसकाच घेतलाय. फळ्यावर लिहितानासुद्धा पाठीमागून कुणी बघतंय असं वाटतं. गाडी भंगारात घालावी असं मनात येतं. त्याला कुठं घालू मग?

९ सप्टेंबर

लाइट गेली म्हणून क्लास लवकर सोडला. घरी आले तर शेडचं दार लोटलेलं.

गाडीत बाबा!

त्यांचा हात डॅशबोर्डखाली होता. मूठ हळूहळू फिरवत होते आणि दिवे वर येत होते. मी दाराला धरलं, आणि मग मला हसूच फुटलं.

"बाबा, तुम्ही होय?"

ओशाळले. "मिटलेले असले की तो झोपलाय असं वाटतं गं. उठवतो जरा. बसतो. जाताना मिटवतो, पण कधीकधी राहून जातं."

मग मीही सगळं सांगून टाकलं. आरटीओ, कावळा, दिलेला शब्द, आता तो पाळता येत नाही ते. बाबांनी मूठ सोडली. म्हणाले, "कावळा तुझ्या शब्दानं नाही आला. तू तोंड उघडायच्या आधीच तो फांदीवरनं निघाला होता. मी बघत होतो."

"मग कशानं आला?"

"मी मनात म्हटलं होतं, कालिंदीला ह्या घरात अडकवून ठेवणार नाही." डोळे पुसले त्यांनी. "सांगायचा धीर होईना. तू गेलीस तर मला कोण आहे?"

मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. कुठं जाणार आहे मी? पण जायचं झालं तर जाता येईल, हे ऐकून छातीवरचं ओझं उतरलं, हेही खरं.

१० सप्टेंबर

गाढ झोपले काल.

२ ऑक्टोबर

दसरा. वर्षभर सण नाहीत, तरी बाबांनी गाडीला झेंडूचा हार आणलाच.

गंगापूर रोडच्या पॉलिटेक्निकवाल्यांनी गाडी मागितलीय, पोरांना खोलून शिकायला. बाबाच म्हणाले, देऊन टाक. आज शेवटचे दिवे उघडले त्यांनी. मी शेजारीच बसले होते. मिटवू का, विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. रस्ता बघत जाईल."

४ ऑक्टोबर

टेम्पो आला. गाडी जालना रोडनं गेली. टेम्पोवरून का होईना, रस्त्यावर आली. नंबरही होता, टेम्पोचा. बाबा फाटकात उभे राहून हात हलवत होते.

स्कूटी शेडमध्ये लावली.

६ ऑक्टोबर

जुनेदचा फोन. पोरांना गाडी समजावून द्यायला गेला होता, डॅशबोर्ड खोलला. "भाभी, वो पीतल की मूठ कहीं जुडीच नहीं है. उसका रॉड तो मेरे गॅरेजमेंच पडा है. हिमांशूभाई बोले थे, दिवाली के बाद लगाएंगे. रह गया."

मूठ नुसती फिरते. तिच्यापासून दिव्यांपर्यंत काहीही जात नाही.

बाबा फिरवायचे, आणि तो उघडायचा.

आणि आम्ही त्याला हार घालून टेम्पोत बसवून दिलं.