टाचणीची परीक्षा

दादा,

एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव: मी बरा आहे, जेवण जातंय. तिचे गुडघे कसे आहेत?

पुढचं तुझ्यापुरतं. बांधकामाच्या परांचीवरून पडल्यापासून कमरेखाली काही कळत नाही, ते अजून तसंच आहे. माझ्याच हाडातून काढलेल्या मूळपेशी वाढवून मणक्यात सोडल्यात. डॉक्टरीणबाई आधीच म्हणाल्या होत्या, "गुण येईलच असं नाही. आम्हीही अजून पडताळून बघतोय." दर सोमवारी मी डोळे मिटायचे, त्यांनी पायाला टाचणी टोचायची, कळलं तर मी "हो" म्हणायचं.

मागच्या सोमवारी मी नऊदा "हो" म्हणालो. बाईंचा चेहरा काय खुलला! दादा, मी डोळे किलकिले ठेवले होते. माझ्यासारख्या दुसऱ्यांना याच नोंदी दाखवतील, या विचाराने आठवडाभर घास उतरेना.

आज कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत. वहीतल्या नऊही "हो"च्या खुणा खोडल्या, माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि पुन्हा परीक्षा घेतली. मी एकदाच "हो" म्हणालो, डाव्या पायाच्या अंगठ्याला. तेव्हा टाचणी खरंच तिथे होती का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तुझं माकड