सोनाबाईचा डबा

शुक्रवार, दिवेलागणीनंतर. औरंगपुरा

दारावरचा विद्यापीठाच्या नामांतराचा फलक उतरवा, मग चेक देतो, असं कारखानदार शेटजी म्हणाले. उतरवला नाही. म्हणून आमचं वसतिगृह पुन्हा घराघरांतल्या मूठभर पिठावर आलं. चेक सुरू झाले तेव्हा आम्हीच मिजाशीत गल्लीला सांगितलं होतं, आता तुमची मूठ नको. आज त्याच दारांत पिशवी घेऊन उभा राहिलो.

पूर्वी आम्हाला रोज पीठ देणाऱ्या सोनाबाईच्या घराला कुलूप. असणारच, पाडव्याच्या सुमारास वारली ती. पण ओट्यावर तिचा डबा होता, भरलेला. बरकत राहावी म्हणून ती पिठावर पंजा दाबायची, तसाच ठसा. करंगळीची जागा कोरी. तिची करंगळी शेटजींच्याच कारखान्यात प्रेसखाली गेली होती, हे तेव्हाच का आठवावं?

डबाच उचलून आणला. स्वयंपाकाच्या शांतामावशींनी आत हात घातला आणि झटकन काढला.

"भाऊ, पीठ ऊन हाय. आत्ता गिरणीतून आल्यावानी."

"शेजारणीनं ठेवलं असेल."

"व्हय. अन् करंगळी?"

पोरं पोटभर जेवली.

डबा धुऊन परत तिच्या ओट्यावर ठेवून आलो. झाकण मुद्दामच लावलं नाही.