यार्साच्या कुरणात

जेठ ४
पोचलो एकदाचे. लग्नानंतरचं हे माझं पहिलंच कुरण. अख्खं गाव तंबू पाठीवर टाकून यार्सा, ती सोन्याच्या भावानं विकली जाणारी औषधी बुरशी, वेचायला वर आलंय, शाळेलाही कुलूप. माझ्या नवऱ्याच्या, छेवांगच्या आत्यानं आल्या आल्या चुलीवर थुक्पा, शेवयांचं गरम सूप, चढवला आणि मला ऐकवलं, की सूनबाई, इथे नवऱ्याआधी जमिनीच्या पाया पडावं लागतं. सगळे खो खो हसले. मीही हसले.

जेठ ७
दिवसभर पोटावर सरपटून कोपरं सोलली, पाठीचे तुकडे झाले. पण आज पहिली यार्सा सापडली. मेलेली अळी, तिच्या डोक्यातून फुटलेली तपकिरी काडी. आत्या म्हणाली, बुरशी आधी पोटात शिरते, मग अळीला खोल मातीतून वर आणते, डोकं आभाळाकडे करून बसवते. अळीला वाटत असेल, आपणच निघालोय. मला पुढे जेवण जाईना.

जेठ ११
मोडलेली यार्सा व्यापारी घेत नाही, ती आमच्या थुक्प्यात जाते. छेवांगच्या हातून फार मोडतात. मुद्दाम मोडतोस रे खादाडा, म्हणून बायका त्याला चिडवतात. आता तो थकतच नाही. मी मेल्यासारखी पडते, आणि हा उभा, शिखराकडे बघत.

जेठ १४
दुपारी छेवांग खुरपं टाकून चढाला लागला. धावत जाऊन धरला. कुठे निघालास विचारलं, तर म्हणे सहज. मानेमागे गाठ आलीय, हात लावू देत नाही. मला फार भीती वाटतेय. याला खाली नेऊया म्हणून आत्याच्या मागे लागले. उद्या बघू म्हणाली. बोलताना तीही वरच बघत होती.

जेठ १५
पहाटे छेवांग तंबूत नव्हता. शोधत वर गेले. सापडला. बर्फाच्या कडेला, गळ्यापर्यंत मातीत. स्वतःच खणलंय. मी उकरतेय आणि तो म्हणतो, राहू दे गं, बरं वाटतंय. पलीकडे आत्या खणतेय — हाक मारली तरी —

जेठ १६
काढला त्याला. हात सोडत नाही मी. माझ्या माहेरी नेणार, आईच्या पुढ्यात बसवणार. शहाण्यासारखा चालतोय. मलाही आज शीण कसला तो नाही — थुक्पा मीही — नाही, तसं काही नाही. खालीच चाललोय आम्ही. सकाळपासून खालीच. फक्त हा बर्फ इथे कसा —