तिसऱ्या अंकावर रेघ नाही

मी, ओतीलिया व्हिएगस, वय पंचाहत्तर, इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार बोन्फिम, पोर्तु, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. धाकट्या भावाचे मत वेगळे असले तरी.

१. राहते घर भाऊ आदेरितो यास द्यावे. दुपारी चारनंतर जेवणघरात पाने उलटल्याचा आवाज येतो, तोही घरासोबत त्याच्याकडे जाईल. हुकूमशाहीच्या काळात आमचे वडील, एर्मिनियो, त्या वेळी तिथे बसून लोकांची नाटके वाचत आणि निळ्या पेन्सिलीने वाक्ये खोडत. तीच त्यांची सरकारी नोकरी होती. आदेरितोच्या मते आवाज उंदरांचा आहे. उंदीर मध्येच थांबून घसा खाकरत नाहीत.

२. बँकेतली शिल्लक भाची ग्रासिंदा हिला. माझे सहकारी प्रा. तेलेश यांना माझा धुळीचा मास्क द्यावा. जुन्या कागदांनी शिंका येतात म्हणून अभिलेखागाराची पायरीही न चढता त्यांनी त्या काळावर तीन ग्रंथ लिहिले आहेत.

३. माझी टिपणे अभिलेखागारास. बंदी घातलेल्या नाटकांवरचे शेरे मी तिथे वर्षानुवर्षे वाचले. माणसे काय विचार करत होती, हे मला बहुधा त्यांचे तोंड दाबणाऱ्यांच्या कागदांतूनच कळले. एका शेऱ्याचे अक्षर वडिलांचे निघाले: संपूर्ण नाटक नामंजूर. मातोझिन्योशच्या कारखान्यात सार्डिन मासे डब्यांत भरणाऱ्या बायकांवरचे ते नाटक इफिजेनिया रेबेलो यांचे. फाइलमध्ये संहिता नव्हती. ती आमच्याच घरी, टेबलक्लॉथ ठेवायच्या पेटीत सापडली. पहिल्या दोन अंकांत निळ्या रेघा आहेत, तिसऱ्यावर एकही नाही. वडिलांनी ती का जपली, मला माहीत नाही. मला त्यांची कीव येते आणि अजून भीतीही वाटते.

आदेरितो म्हणाला, "ताई, जाळून टाक ते. बाबांचं नाव कशाला चव्हाट्यावर आणतेस? गेलेल्या माणसाला सुखानं जाऊ दे."

"जात नाहीयेत ना पण," मी म्हटले.

४. सदर संहिता इफिजेनिया रेबेलो, वय चौऱ्याऐंशी, यांना परत करावी. त्यांची दुसरी प्रत पोलिसांनी झडतीत नेली होती. त्यानंतर बाईंनी एक ओळ लिहिली नाही, जन्मभर पोस्टात तिकिटे विकली. (हे कलम रद्द. कलम ५ पाहावे.)

५. वरील मसुदा ऐकवायला मी बाईंना घरी बोलावले आणि संहिता त्यांच्यापुढे ठेवली. तिसरा अंक त्यांनी ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला. मग साक्षीला कोण, असे विचारले. बेकरीवाले आहेत, दुसरे कुणी मिळत नाही, मी म्हटले. तुम्हीही चालला असतात, पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे नोटरींनी सांगितले. बाईंनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"मग मला नको ते. झेरॉक्स दे मला, मोठ्या अक्षरात. हे तुझ्या त्या कागदांच्या कोठारात ठेव, रेघांसकट. उद्या कुणीतरी म्हणणारच, असं काही झालंच नव्हतं."

"अहो, पण ते तुमचं आहे."

"नाटक माझं. रेघा तुझ्या बापाच्या. दोन्ही एकत्रच राहू देत. सही कुठं करू, सांग."

सबब कलम ४ वर मी स्वहस्ते रेघ मारली आहे. लिहिलेले खोडायचे नाही, हा माझा आजवरचा नेम. रेघ वडिलांच्या रेघांसारखीच सरळ आली, आणि मला रडू कोसळले. संहिता अभिलेखागारास द्यावी, वडिलांच्या नावासह, कोणालाही पाहता येईल अशी.

पोर्तु, ९ फेब्रुवारी २०१६
(सही) ओतीलिया व्हिएगस

माझ्यासमक्ष व परस्परांसमक्ष सही करणारे साक्षीदार:
१. झाकिंतो प्रोएन्सा. व्यवसाय: बेकरी.
२. इफिजेनिया रेबेलो. व्यवसाय: नाटककार.