भिंतीबाहेरचा भाऊ

३ मार्च, मंगळवार

मत होतं म्हणे! नुसतं मत!

आई आता अंथरुणातून उठत नाही. एकच हट्ट धरून बसली आहे — "मला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरा, माझ्या बाळाशेजारी." बाळ म्हणजे माझ्या आधीचा भाऊ. तासभर जगला. बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून जुन्या फादरनी त्याला पवित्र जमिनीत जागा दिली नाही. असली बाळं स्वर्गात नाहीत, नरकातही नाहीत, मधेच कुठेतरी — लिंबोत. मेल्यावरही तो भेटणार नाही, निदान मातीत तरी जवळ असू दे, एवढंच आईचं म्हणणं. छप्पन्न वर्षं!

आज नव्या फादरांकडे गेले. चहा ढवळत ते म्हणाले, "लिंबो हा श्रद्धेचा सिद्धांत कधीच नव्हता. धर्मपंडितांचं मत होतं ते."

मतासाठी भिंत बांधतात? तळपायाची आग मस्तकात गेली.

४ मार्च, बुधवार

प्रसूतिगृहात ड्यूटी. तीन बाळंतपणं. सगळ्यांवर खेकसले.

५ मार्च, गुरुवार

पुन्हा गेले. दाखवा म्हटलं, शास्त्रात कुठे आहे लिंबो! त्यांनी येशूचं वचन काढलं — पाण्याने आणि आत्म्याने जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. मी म्हटलं, येशूच्या शेजारच्या क्रुसावरच्या चोराला कुणी पाणी घातलं होतं? त्याला तर त्याच दिवशी स्वर्गात घेतलं! "शास्त्राबरोबर परंपराही असते," ते म्हणाले. मग कुठल्या धर्मसभेने हे ठरवलं? "तसं... कुठल्याच नाही."

आणि मी तरी कोण मोठी? रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच पोरांकडून घोकून घेतलं आहे मी. एका मुलीने विचारलं होतं, "बाळांनी काय केलं?" तिला गप्प बसवलं. आज स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटते.

७ मार्च, शनिवार

फादर घरी आले. माणूस चांगला आहे, तीच पंचाईत. आईचा हात धरून म्हणाले, "आजी, बाळ देवाच्या दयेत आहे. ख्रिस्तसभा आता तशी आशा धरते."

आईने त्यांना नीट न्याहाळलं. "आशा मीही धरली होती. जुने फादर म्हणाले, हट्ट करणं पाप आहे."

ते गेल्यावर मला म्हणाली, "पोरगा बरा आहे गं. पण त्याला काय माहीत?"

९ मार्च, सोमवार



आमच्या प्रसूतिगृहात जुनी रीत आहे. बाळ जगेलसं वाटलं नाही, तर सुईणीने किंवा नर्सनेच कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा. असा कुणीही दिलेला चालतो. मग नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने छोटा क्रूस. मी स्वतः कितीतरी काढलेत. आणि इतक्या वर्षांत मला हे सुचू नये? आज स्टोअरमधलं कपाट उपसलं. त्या वर्षीची वही अगदी तळाशी. आईचं नाव. मुलगा. एक तास.

लाल क्रूस!

त्या वेळी आई शुद्धीत नव्हती. बाबा तडक जुन्या फादरांकडे धावले होते, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. सुईणीला कुणी विचारलंच नाही! वहीत लिहिलंय, बघतील, असं तिला वाटलं असेल. कुणी बघितलं नाही.

१० मार्च, मंगळवार

फादरना वही दाखवली. चेहरा उजळला त्यांचा. "मग प्रश्नच मिटला! बाळाला आत आणू. आजींनाही शेजारीच जागा देऊ."

मी ओरडलेच. गेल्या मंगळवारी सिद्धांत नव्हता ना? मग आज मिटला तो कुठला प्रश्न? 

पण इथे खोटं कशाला लिहू — तो क्रूस पाहून मी आनंदाने रडले होते. त्याचाच जास्त राग येतोय.

११ मार्च, बुधवार

आईसमोर वही धरली. सगळं सांगितलं. क्रुसावरून तिने कितीतरी वेळ बोट फिरवलं. मग बोट खालच्या ओळीवर आलं. "आणि हे? शिंप्याच्या बायकोचं?"

मेलेलंच जन्मलं होतं ते; मेलेल्याला बाप्तिस्मा देत नाहीत. रकाना कोरा.

"माझ्याच्या शेजारीच पुरलंय. त्यापलीकडे आणखी चार." आईने वही मिटली. "माझ्या बाळाला हात लावायचा नाही. मलाही तिथेच ठेवा. फादरना म्हणावं, हलवायचीच असेल तर भिंत हलवा."