वाढ, अजून वाढ

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

हसू थांबूनच नाही राह्यलं, म्हणून चहा बाजूला ठेवून आधी हे लिहिते.

वणीची इंटरनेटची फायबर लाइन आज चालू ठेवूनच मोठी केली. आजवर क्षमता वाढवायची म्हणजे लाइन जराशी बंद करावी लागे. दवाखान्यातला पेशंट नागपूरच्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलत असला, तर ते बोलणं तुटे अन् शिव्या मले. नव्या यंत्रात आधी वाटेवरची सगळी केंद्रं जागा करतात, मग दोन्ही टोकं हळूहळू वेग चढवतात. घाई केली की संपलं.

काम निघालं नेमकं जेवायच्या वेळेले. मी घरी लॅपटॉपवर, वणीच्या केंद्रावरून आमचे रफिकभाई फोनच्या स्पीकरवर. त्यांची घरची बोली उर्दू, 'वाढव' म्हणायचं तिथं ते 'वाढ' म्हणतात.

"रुको बेटा, मधलं केंद्र तयार नाही. हाव, आता वाढ. आरामसे. अजून वाढ. बस, बस!"

झालं! खरंच झालं? दोनदा पाह्यलं. दवाखान्यात कोणाले पत्ताही नाही लागला.

मान वळवली, तर माह्या ताटात भाकरींची ही चळत! आई टोपलं घेऊन शेजारी उभी. ते म्हणत गेले, ही वाढत गेली.

फोन ठेवता ठेवता रफिकभाई म्हणाले, "लाइनवरची गर्दी उतरली की कमी करून टाकू."

आई फोनकडे वाकली. "कमी काहून, भाऊ? ताटात वाढलेलं परत नाही घेत. पोरगी खाईल ते!"