नऊ माळांचा साबण

१ मार्च, रविवार. दुपार.

आज सकाळी साडेसहाला मी बाथरूममध्ये उकिडवा बसून कपड्यांच्या साबणाच्या वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचून काढलं. चष्म्याशिवाय. तेल, क्षार, पाणी, रंग, सुगंध. रंग-सुगंध ही मोहमाया. ती वजा केली तर उरलं काय? एवढ्यासाठी आपण पिढ्यान् पिढ्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या!

चहाच्या वेळी जाहीर केलं. या घरात दुकानाचा साबण आजपासून बंद. साबण घरीच होणार, निम्म्याहून कमी खर्चात. आठ एप्रिलला लेक नर्स म्हणून हॉस्पिटलात रुजू होतेय. त्या दिवशीचा तिचा पांढरा गणवेश माझ्याच साबणाने धुतलेला असेल. देवापुढे हात जोडून तसा संकल्पही केला.

बायको म्हणाली, संकल्प झाला असेल तर चहा घ्या, साय धरली त्यावर. लेक म्हणाली, बाबा, मेट्रन फार कडक आहेत हो, पहिल्याच दिवशी डाग दिसला तर सगळ्यांसमोर खरडपट्टी काढतात. मी म्हणालो, कडक माणसालाच पांढऱ्याची किंमत कळते.  ती म्हणाली, बरं, तुमच्याच साबणाने धुवेन, दुसऱ्या कशाने नाही. शब्द दिला. गुणी पोर. माझ्यावर गेलीय.

४ मार्च, बुधवार

मेहुणा शाळेच्या प्रयोगशाळेत असतो. कॉस्टिक सोडा, रबरी हातमोजे, काचेचा चष्मा आणि पाकिटाच्या पाठीवर लिहिलेली कृती घेऊन आला. कृती चार ओळींची, सूचना तासभर. दाजी, सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. दाजी, सगळं वजन करून घ्या, अंदाजपंचे नको. दाजी, खळीसारखं घट्ट होईपर्यंत ढवळायचं, पाऊण तास तरी, घड्याळ लावून.

मी नुसता हसलो. घड्याळ कशाला? वीस वर्षं रोज पहाटे नऊ माळा जप करतोय. बसल्यापासून उठेपर्यंत बरोबर पाऊण तास. ढवळता ढवळता नऊ माळा केल्या की साबणही पदरात आणि पुण्यही.

८ मार्च, रविवार. ११.२०

साबण केला! गॅलरीत. तळणीचं उरलेलं तेल गाळून घेतलं, त्यात थोडं खोबरेल. उजव्या हातात लाकडी डाव, डाव्या हातात माळ. हातमोज्यातूनही मणी छान सरकतात. नऊ माळा पूर्ण. मिश्रण ताकासारखं पातळ राहिलं, पण नऊ म्हणजे नऊ. देवाच्या कामात घासाघीस नको. टेबलाच्या ड्रॉवरला आतून कागद लावून त्यात ओतलं.

एक नोंद. घड्याळात चौदाच मिनिटं झाली होती. सेल उतरला असावा. बायको म्हणते सेल नवा आहे. म्हणते, बसून केला असता तर लागला असता पाऊण तास, उभ्याने घोरता येत नाही ना! भक्तीची टिंगल. 

९ मार्च, सोमवार

वर तेलाचा तवंग. फडक्याने टिपला. मेहुण्याचा फोन. किती ढवळलंत? म्हणालो, नऊ माळा. मिनिटं किती, दाजी? मी त्याच्या मुलांच्या अभ्यासाची चौकशी केली.

आता चार आठवडे साबण वाळायला हवा. संयम. संयम तर माझ्या अंगातच आहे.

(दुपारी दोनदा ड्रॉवर उघडून पाहिला.)

१९ मार्च, गुरुवार

घरात साबण नाही, याला अठरा दिवस झाले. बायको म्हणते, नुसत्या पाण्यात घोळवते मी कपडे. आणि नवल म्हणजे माझे शर्ट पूर्वीइतकेच पांढरे! यावर ऑफिसला जाताना बराच विचार केला. मळ मुळात कपड्यात नसतोच. तो पाहणाऱ्याच्या मनात असतो. हा विचार हेडक्लार्कना सांगितला. त्यांनी माझ्या कॉलरकडे निरखून पाहिलं आणि सहा वड्यांची ऑर्डर दिली.

घरी येऊन हेच बायकोला सांगितलं तर तिला जोराचा ठसका लागला. स्वयंपाकघरात जाऊनही बराच वेळ थांबेना. हवा बदलतेय.

२८ मार्च, शनिवार

वड्या कापल्या. बावीस. सुरीला चिकटतात. एकीवर बोट ठेवलं तर बोट आत गेलं. मऊ आहे हे चांगलंच, कपड्याची झीज होणार नाही. वास तळणीचा येतो. येऊ दे. सुगंध ही दुकानदारांची लबाडी.

नातेवाइकांनाही द्याव्यात का? आधी लेकीचा गणवेश. मग बाकीचं जग.

५ एप्रिल, रविवार

आजचा दिवस मोठा. लेकीने दोन्ही हातांत वडी घेतली आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. दोन गणवेश शिवलेत, त्यातला एक आज, दुसरा मंगळवारी, असं तिचं ठरलंय. बराच वेळ आतून पाण्याचा आवाज. बायकोने दोनदा दार वाजवलं. शेवटी लेक बाहेर आली. म्हणाली, छान निघाला, बाबा.

डोळे लाल होते. फेस गेला असणार. म्हणजे फेस होतो! मेहुण्याला लगेच फोन करून कळवलं. गणवेश पाहायला मागितला तर म्हणाली, आत वाळत घातलाय. उन्हाने पांढरा कपडा पिवळा पडतो, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. हुशार.

७ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ६.४५

हेडक्लार्कच्या वड्या बांधायला रद्दी हवी होती. लेक गादीखाली जुने पेपर ठेवते. उपसले. पेपरात गणवेश. पाठीवर तेलकट पिवळे डाग, हात पसरला तरी झाकणार नाहीत असे. कॉलर चिकट.

पुन्हा होता तसा ठेवला. पाणी प्यायला निघालो तर स्वयंपाकघरात मायलेकी बोलत होत्या. बायको म्हणत होती, अगं वेडे, दुसरा तरी माझ्या साबणाने धू, कपाटामागे आहे. महिनाभर त्यांचे शर्ट मी कशाने धुतेय? कळलं का त्यांना? लेक म्हणाली, शब्द दिलाय गं आई. दुसरा तसाच घालते. बायको म्हणाली, शिंप्याच्या खडूच्या रेघांसकट? आणि शिलाई मशीनच्या तेलाचा तो ठिपका? लेक म्हणाली, ओरडा खाईन एक दिवस, काय होतंय. बाबांना काही बोलू नकोस. किती खूश आहेत ते.

पाणी न पिता परत आलो.

७.३०. यातून मार्ग काढता येईल. तिला सांगायचं, साबण अजून वाळायचाय, सहा महिन्यांनी गुण येईल, तोवर दुकानाचा चालेल. किंवा, पाणी जड आहे. किंवा, मेहुण्याने सोडाच हलका दिला.

७.४०. पहिलं वाक्य सर्वांत चांगलं आहे. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा मलाच ऐकवेना.

उद्या दुपारी दोनला तिला हजर व्हायचंय.

८ एप्रिल, बुधवार. सकाळ.

पाचला उठलो. कपाटामागून बायकोचा साबण काढला. लेकीचा दुसरा गणवेश खुंटीवर होता, तो भिजवला. खडू लगेच गेला. मशीनच्या तेलाचा ठिपका गेला नाही, तो चोळून चोळून काढला. असलं काम कुणी न सांगता मी पहिल्यांदाच केलं असावं. तीन पाण्यांतून काढला.

गॅलरीत दोरीवर टाकत होतो, तोवर लेक उठून आली. रात्री पाठ केलेलं एकही वाक्य तोंडात येईना. म्हणालो, बाळ, माझा साबण फसला. ढवळायला पाऊण तास सांगितला होता, मी चौदा मिनिटांत थांबलो. हा आईच्या साबणाने धुतलाय, आणि तू नाही, मी धुतलाय. तेव्हा तुझा शब्द मोडलेला नाही.

 मला वाटलं, आता ती म्हणेल, असू दे बाबा, प्रयत्न तर केलात. त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

आत गेली. गादीखालचा गणवेश घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, मग हाही धुवा. परवासाठी लागेल.

धुतला.